गोदाकाठच्या प्रश्नांचा धम्म

जामखेडचा इतिहास निघाला की दोन नावे हटकून येतात: १७९५ची खर्ड्याची लढाई आणि चौंडीच्या अहिल्यादेवी. दोन्हींचा अभिमान रास्त आहे. पण बालाघाटाच्या या मुलखाची आठवण त्याहून कितीतरी मागे जाते. उत्तरेला पैठण आणि पूर्वेला तेर ही सातवाहनकाळातली नामांकित शहरे, आणि आपला तालुका त्यांच्या शेजारचा. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक वृत्तांतात दोन्हींची नोंद आहे. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजेच तेर. पैठणहून भडोचला अकीक जाई, तेरहून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल. तेरला स्तूपाचे अवशेष सापडले आहेत, आणि तिथले त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासक मानतात. बुद्धाचा विचार आपल्याकडे पहिल्यांदा १९५६ साली आला असे समजणाऱ्याने एकदा तेरला जाऊन यावे.

या नात्याची आणखी एक जुनी खूण मात्र दगडविटांत नाही, ‘सुत्तनिपात’ या प्राचीन पाली ग्रंथात आहे. गोदावरीकाठी बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण आचार्य राहत होता. एका याचकाने पाचशे नाणी मागितली. बावरीपाशी ती नव्हती, तेव्हा ‘सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील’ असे तो धमकावून गेला. धास्तावलेल्या बावरीने अजित, पुण्णक, मेत्तगू, पिंगिय अशा सोळा शिष्यांना बुद्धाकडे पाठवले. पैठण, माहिष्मती, उज्जैन असे मुक्काम करीत ते मगधात पोहोचले. तिथे बुद्धाने उलगडा केला: अविद्या हेच ते डोके, आणि श्रद्धा, स्मृती, समाधी यांची जोड मिळालेली विद्या ते फोडते. शापाची भीती तिथेच संपली. मग सोळाही जणांनी आपापले प्रश्न मांडले. जग कशाने झाकले आहे? दुःख येते कोठून? प्रश्न विचारला म्हणून कुणाची हेटाळणी झाली नाही.

ज्याच्याकडे ते गेले, तो सिद्धार्थ गौतम शाक्य कुळातला. जन्म लुंबिनीचा. परंपरेनुसार एकोणतिसाव्या वर्षी गृहत्याग, पस्तिसाव्या वर्षी बोधगयेला संबोधी, सारनाथला पाच जणांपुढे पहिले प्रवचन, पंचेचाळीस वर्षे पायी फिरून उपदेश आणि ऐंशीव्या वर्षी कुशिनाऱ्याला महापरिनिर्वाण. गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी या चार दर्शनांची कथा सगळ्यांना ठाऊक असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ती पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नसेल, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा पुढे आणला. युद्धाला विरोध केला म्हणून सिद्धार्थाला घर सोडावे लागले, अशी त्यांची मांडणी आहे. पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत कुऱ्हाडी निघताना पाहिलेल्या आपल्या दुष्काळी भागाला हे कारण समजावून सांगावे लागत नाही.

शिकवणीचा गाभा चार आर्यसत्यांत आहे. जीवनात दुःख आहे; त्याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे तृष्णा; कारण गेले की दुःखही जाते; आणि तसा मार्ग आहे. तो मार्ग अष्टांगिक: सम्यक दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म, उपजीविका, प्रयत्न, स्मृती आणि समाधी. देहाचे लाड आणि देहाचा छळ ही दोन्ही टोके टाळणारा म्हणून तो मध्यम मार्ग. त्यामागचा सिद्धान्त प्रतीत्यसमुत्पादाचा: प्रत्येक गोष्ट कारणांमुळे घडते आणि कारणे बदलली की तीही बदलते. म्हणून सर्व अनित्य आहे आणि कायमचा, न बदलणारा आत्माही नाही. संसारी माणसासाठी पंचशील: हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि नशा यांपासून दूर राहणे. मार्गाच्या आठ अंगांपैकी उपजीविकेचे अंग मला फार मोलाचे वाटते, कारण पोट कसे भरतोस हा प्रश्न धर्माच्या आत घेतला गेला.

हा विचार महाराष्ट्रात टिकला तो कष्टकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या आधारावर. कार्ले, भाजे, जुन्नर, कान्हेरीच्या लेण्यांत सुतार, धान्यव्यापारी, सोनार, यवन (म्हणजे ग्रीक) यांच्या दानांचे लेख आहेत. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरचा एक लेख तर जमाखर्चाच्या वहीसारखा वाचता येतो. शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण (नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवले. दोन हजार दरमहा एक टक्क्याने, एक हजार पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळायचे. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, वाटपही दोनशे चाळीस! मुद्दलाला हात लावायचा नाही, हेही लेखात बजावले आहे.

पुढे राजाश्रय आटला, श्रेणी मोडल्या आणि लेणी ओस पडली. आधुनिक काळात मराठीने हा धागा पुन्हा उचलला. कृ. अ. केळुसकर यांनी बुद्धचरित्र लिहिले आणि १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना ते भेट दिले. गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली शिकण्यासाठी थेट श्रीलंकेला गेले आणि परतून त्यांनी बुद्ध मराठीत आणला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्याला घोषणा केली: हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर एकवीस वर्षे अभ्यास करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह दीक्षा घेतली. २०११च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात होते.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. श्रोते बहुधा एकाच वस्तीतले असतात, आणि गावाचे हे नुकसान आहे. बावरीचे शिष्य जातीने ब्राह्मण होते, विणकर भिक्खूंच्या चीवरांचे पैसे सांभाळत होते. धम्माने जात पाहून कुणाला दारातून परत पाठवले नाही. तेव्हा जामखेडच्या वाचकांना कळकळीची विनंती आहे: पुढच्या वर्षावासात आपल्या जवळच्या विहारात जाऊन बसा, मग तुमची वस्ती कोणतीही असो. आणि वाचन चालवणाऱ्यांनी रोज शेवटी थोडा वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवावा, मुलांच्या आणि बायाबापड्यांच्या प्रश्नांसाठी आधी.