विमानाच्या दुप्पट वेगाने धावणारी दुपार

वाशीमहून पुसदच्या रस्त्याने सुमारे २४ किलोमीटर गेलं की अनसिंग येतं. इथून मुंबई सरळ रेषेत साधारण ४७८ किलोमीटर. गावाला विमानतळ नाही. पण ताशी ८०० किलोमीटर वेगाचं विमान अनसिंगवरून गेलं, तर ३६ मिनिटांत ते मुंबईवर असेल. ट्रॅव्हल्सच्या गाडीला याच प्रवासाला अख्खी रात्र लागते.

त्या विमानालाही मागे टाकणारी एक गोष्ट रोज अनसिंगवरून मुंबईकडे जाते: दुपार. अनसिंग सुमारे ७७.३ रेखांशावर, मुंबई ७२.९ वर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. अनसिंगच्या आकाशात सूर्य सर्वांत उंच आला की साधारण १८ मिनिटांनी मुंबईत मध्यान्ह होते. विमान तेव्हा निम्म्या वाटेवरच असतं!

याचं कारण आपल्या पायाखाली आहे. विसाव्या अक्षांशावरची जमीन ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते, आवाजापेक्षाही वेगात. अनसिंगच्या शिवारात सोयाबीन निंदणारी बाई याच वेगाने प्रवास करत असते. हवा, झाडं, घरं सगळीच सोबत फिरतात, म्हणून काही जाणवत नाही.

सूर्याला हरवणारं प्रवासी विमान होतं ते काँकॉर्ड. ताशी दोन हजारांहून अधिक किलोमीटर वेगाने ते साडेतीन तासांच्या आसपास लंडनहून न्यूयॉर्क गाठायचं. दोन्ही शहरांच्या घड्याळांत पाच तासांचं अंतर; त्यामुळे सकाळी साडेदहाला निघालेला प्रवासी तिथल्या घड्याळानुसार नऊच्या सुमारास उतरायचा. २००३ साली ही सेवा थांबली.

आणखी मोठा वेग पृथ्वीच्या सूर्यप्रदक्षिणेचा: सेकंदाला जवळपास ३० किलोमीटर. अनसिंग ते वाशीम एवढं अंतर पृथ्वी एका सेकंदाच्या आत कापते. आपलं विमान मुंबईला पोचेपर्यंतच्या ३६ मिनिटांत ती ६४,००० किलोमीटर पुढे सरकलेली असते. एवढ्या अंतरात पाच पृथ्व्या ओळीने मावतील.

अंतर आणि वेळ यांची ही सांगड वऱ्हाडाला नवी नाही. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. भास्कराचार्यांनी ११८३ च्या सुमारास रचलेल्या ‘करणकुतूहल’मध्ये भूमीच्या मध्यरेषेवरची गावं सांगताना लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांच्या पंक्तीत वत्सगुल्म घेतलं आहे. या रेषेपासून आपलं गाव किती योजनं पूर्वेला वा पश्चिमेला, हे पाहून ज्योतिषी वेळेतला फरक काढत. भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजनं धरला होता. दिवसाच्या साठ घटिकांनी भागलं, तर विषुववृत्तावर एका घटिकेला सुमारे ८३ योजनं पडतात.

हाच हिशेब अनसिंगच्या शाळेतली मुलं आज करू शकतील. मैदानात काठी ओळंब्यात उभी करायची. मुंबईतल्या मामाच्या मुलानेही त्याच दिवशी तसंच करायचं. सावली सर्वांत आखूड कधी झाली, ते दोघांनी मोबाईलच्या घड्याळात टिपायचं. फरक १८ मिनिटांचा आला, तर दिवसाच्या १,४४० मिनिटांत तो ८० वेळा बसतो. दोन्ही गावांमधलं पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ४६५ किलोमीटर. त्याची ८० पट ३७,२००. हा विसाव्या अक्षांशाजवळचा, म्हणजे लहान वर्तुळाचा घेर; विषुववृत्तासाठी तो ०.९४ ने (२० अंशांच्या कोसाइनने) भागला की उत्तर येतं साडेएकोणचाळीस हजारांच्या आसपास. पृथ्वीचा खरा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. निरीक्षणात मिनिट-दोन मिनिटांची चूक होईल, उत्तर थोडं हलेल. तरीही दोन काठ्या आणि दोन फोनांवर सहावीतल्या मुलीला अख्ख्या पृथ्वीचं माप काढता येईल.