जमाखर्चाची कोरी पाने

आमच्या मावशीने चाळीस वर्षे रोजचा जमाखर्च लिहिला. कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेसुद्धा त्या वहीत असत. ती एकटी राही. आम्ही भाचेमंडळी महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन चहा घेत असू आणि ‘मावशी अगदी ठणठणीत आहे’ असे घरी सांगत असू. पुढे ती न्हाणीघरात पडली. कागदपत्रांसाठी कपाट उघडले तेव्हा वही हाती आली. शेवटच्या पाच महिन्यांची पाने कोरी होती.

श्रोतेहो, पाहुण्यांसमोर तासभर नीट बोलण्याची सवय फार जुनी असते. बाकी बरेच सुटले तरी ती टिकते. म्हणून ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला ‘बरी आहे’ हेच उत्तर मिळायचे. त्यात लबाडी नसते. मुलांना आपला भार होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

मग ओळखावे कसे? १९६३ साली सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टराने आपल्या सहकाऱ्यांसह माणसाचे परावलंबन मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. तीत सहाच गोष्टी पाहावयाच्या: स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीवर बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे. यांपैकी स्नान बहुधा आधी सुटते, हाताने जेवणे शेवटी. पण त्याहीपूर्वी डळमळतात ती १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी यांनी मांडलेली कामे: पैशांचा व्यवहार, औषधे, स्वयंपाक, बाजारहाट, प्रवास, टेलिफोन. म्हणजे आमच्या मावशीची वही न्हाणीघराच्या आधीच बोलत होती. वाचणारे कोणी नव्हते.

तेव्हा पुढच्या खेपेस चहा आपण करावा. दुधाच्या चार पिशव्या साठल्या आहेत काय, पातेल्याचे बूड जळले आहे काय, विजेचे बिल थकले आहे काय, गोळ्यांच्या पाकिटात तारखेच्या मानाने फार उरल्या की फार संपल्या, हे सहज दिसते. ब्लाऊज सैल झाला असेल तर वजन घटले. भजनाला जाणे बंद झाले असेल तर कारण विचारावे. पुष्कळदा ऐकू येत नाही, एवढेच असते.

एक भेद मात्र पक्का ध्यानात ठेवावा. काल-परवापर्यंत शुद्ध बोलणारा माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर ते वय नव्हे. लघवीतील जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम उतरणे, नवे औषध, अशी कारणे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. विसराळूपणा सावकाश वाढत असला तरीही थायरॉईड व बी-१२ जीवनसत्त्व तपासल्यावाचून ‘म्हातारपण’ हा शिक्का मारू नये.

आणि मदत म्हणजे घराच्या किल्ल्या काढून घेणे नव्हे. जे काम अडले असेल तेवढेच उचलावे. न्हाणीघरात धरावयास दांडा बसवला म्हणून स्वयंपाकघरही ताब्यात घेण्याचे कारण नाही. आम्ही पहिल्या आठवड्यात नेमकी हीच चूक केली, आणि मावशीने दोन दिवस अन्न घेतले नाही.

मावशीच्या कोऱ्या पानांचे कारण शेवटी निघाले मोतीबिंदू. तिला वहीच्या रेघा दिसत नव्हत्या, आणि ते सांगण्याची तिला लाज वाटत होती. शस्त्रक्रिया झाली. आता ती पुन्हा लिहिते. महिनाअखेर बेरीज माझी बहीण करते, आणि तिच्या चुका मावशी काढते.