डेन्मार्कची सामाईक चूल

सन १९७३ च्या नोव्हेंबरांत डेन्मार्कमधील रस्ते रविवारीं ओस पडूं लागले. अरब राष्ट्रांनीं तेलाचा हात आंखडला होता, आणि सरकारनें रविवारीं खासगी मोटारी चालविण्यास बंदी केली होती. देशाला लागणाऱ्या एकंदर शक्तीपैकीं शेंकडा सुमारें ९० भाग परदेशी तेलांतून येत असे. जेथें हिवाळ्यांत घर तापविणें ही चैन नव्हे, तेथें घरची ऊब परक्याच्या मर्जीवर राहणें म्हणजे काय, हें वाचकांस सांगावयास नको.

डेन्मार्क म्हटलें कीं पवनचक्क्या आठवतात, आणि तें योग्यच आहे. पोल ला कूर या शिक्षकानें आस्कोव्ह येथें १८९१ मध्येंच वाऱ्यापासून वीज काढली होती. आज देशांतील निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची आहे. परंतु तेलाला पहिला तडाखा वाऱ्यानें दिला नाहीं. आमच्या मतें अधिक शिकण्याजोगी गोष्ट निराळीच आहे, व ती अगदीं घरगुती आहे.

इंधन जाळून वीज करणाऱ्या कारखान्यांत पुष्कळशी उष्णता फुकट जाते. सामान्यतः ती नदींत वा समुद्रांत सोडून देतात. डेन्मार्कनें १९७९ मध्यें कायदा करून नगरपालिकांना उष्णतेच्या पुरवठ्याची आंखणी करावयास लावली. कारखान्याचें कढत पाणी जमिनीखालच्या नळांनीं घरोघर न्यावयाचें, आणि निवालेलें पाणी परत आणावयाचें. असे नळ कांहीं शहरांत पूर्वींपासून होते. कायद्यानें त्यांचें जाळें पसरलें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस यांतील मर्म चटकन उमजेल. आज तेथील सुमारें दोनतृतीयांश घरें या सामाईक चुलीवर ऊब घेतात. या चुलीला इंधनाचा सोंवळेपणा नाहीं, हा तिचा मोठा गुण. तेल गेलें, दगडी कोळसा आला (तोहि परदेशचाच!), मग गव्हाचें काड, लाकूड, शहराचा केरकचरा, कोठें सूर्याची उष्णता. घरांतला नळ मात्र तोच.

नगरपालिकेस नळ घेण्याची सक्ति करतां येत असे. सक्ति आम्हांस सहसा रुचत नाहीं. पण अर्धी आळी बाहेर राहिली तर उरलेल्या अर्धीला नळ परवडत नाहीं, हेंहि खरें. शिवाय या उष्णतेवर नफा काढावयाचा नाहीं, असा दंडक होता.

खरी कसोटी १९८६ सालीं लागली. जगांत तेल एकाएकीं स्वस्त झालें, तेव्हां डेन्मार्कनें त्यावरील कर वाढविला आणि ती स्वस्ताई घरांत येऊं दिली नाहीं. वाणी गोड बोलला म्हणून फेडलेली उधारी पुन्हां सुरू न करणाऱ्या गृहिणीचेंच हें शहाणपण.

उत्तर समुद्रांतील स्वतःच्या तेलानेंहि त्या देशास बराच हात दिला, हें लपविण्याचें कारण नाहीं. पण त्याचेंहि नवे परवाने देणें २०२० सालीं बंद करण्यांत आलें, आणि २०५० पर्यंत उपसा थांबविण्याचें ठरलें.