कोटाल पाहून गाडी थांबवा

बेहाला, कोलकाता

आमच्या बेहाल्याच्या बाजारातून, मेट्रोच्या खांबांखालून जाणारा डायमंड हार्बर रोड जोका, आमतला मागे टाकत हुगळीच्या काठाला लागतो. तोच पुढे काकद्वीप, नामखाना करत बकखालीच्या समुद्रापर्यंत जातो. हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे इथून टेम्पो ट्रॅव्हलर निघतात: मागे शेगडी आणि मोठी पातेली, आत आजीपासून नातवापर्यंत सगळे. या वनभोजनाला बंगालीत चडुइभाती म्हणतात. चडुई म्हणजे चिमणी; शब्दात आपल्या भातुकलीचा गोडवा आहे.

महाराष्ट्राने 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून पुण्याचे नातेवाईक विचारतात, ‘‘तुमच्याकडे कॅम्पर व्हॅनने फिरता येईल का?’’ येईल. पण वीज, पाणी, शौचालय असलेला खास तळ या रस्त्यावर मला अजून दिसलेला नाही. एखाद्या लॉजच्या आवारात रात्री गाडी लावू देतील का, हे आधी फोन करून विचारावं.

आणि नदीकाठची जागा नुसती सुंदर दिसली म्हणून धरू नये. आपल्या कोकणात उधाण आणि भांग, तसा इथे भरा कोटाल आणि मरा कोटाल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी फार चढतं. गेल्या पौषात आम्ही डायमंड हार्बरच्या अलीकडे काठालगत सतरंजी पसरली. खिचडी शिजत होती. जाळं आवरणारा एक म्हातारा थांबून म्हणाला, ‘‘दादा, आज भरा कोटाल.’’ अर्ध्या तासात सतरंजीची जागा पाण्याखाली होती. तेव्हापासून मी आधी बांधाच्या विटा पाहतो. त्यांवर ओलाव्याची काळी रेघ असते, रेघेला जलपर्णीच्या सुकलेल्या काड्या चिकटलेल्या असतात. चूल आणि चाकं त्या रेघेच्या बऱ्याच वर हवीत.

बकखालीला मुक्काम जरूर करा. नामखान्याला हातानिया-दोआनिया नदी पूर्वी गाडी बार्जवर चढवून ओलांडावी लागे; 2019 पासून पूल आहे. ओहोटीला बकखालीचा समुद्र लांब मागे सरतो आणि मुलांना धावायला घट्ट ओली वाळू मिळते. शेजारच्या हेन्री आयलंडवर लाल खेकड्यांची झुंबड असते. चाहूल लागताच सगळे बिळात. सागरबेटाचा बेत मात्र लहान मुलं सोबत असताना मी करणार नाही. वाटेतल्या मुडीगंगा नदीत गाळ इतका साचला आहे की ओहोटीला काकद्वीपची फेरीबोट तासन्‌तास थांबते.

भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, तेव्हा कालच्या अनुभवावर आज विसंबू नका. इथल्या पंजिकेत, म्हणजे बंगाली पंचांगात, भरती-ओहोटीच्या वेळा छापलेल्या असतात. तिकिटं काढण्याआधी तिथी पाहा, आणि मरा कोटाल असतो तेव्हा, अष्टमी ते दशमीच्या आसपास या.