शीतकपाट आणि प्रसाधने

वैशाखातील ऊन तापू लागले, की नागपूर असो वा जयपूर, दुपारी पारा ४० अंशांच्या वर चढतो. डबीतील क्रीम पातळ होते, लिपस्टिक मऊ पडते आणि गृहिणीची दृष्टी साहजिकच शीतकपाटाकडे वळते. मग दूध, लोणी आणि भाजी यांच्या शेजारी क्रीमच्या डब्या व गुलाबपाण्याच्या बाटल्या येऊन बसतात. थंडीत वस्तू टिकतात हा अनुभव खराच. परंतु प्रत्येक वस्तूला तो सारखाच लागू पडतो का, हे पाहणे अगत्याचे आहे.

थंडीने काय साधते?

शीतकपाटात तापमान साधारणतः २ ते ८ अंश सेल्सिअस असते. एवढ्या थंडीत सूक्ष्म जंतूंची वाढ मंदावते. ते मरत मात्र नाहीत. म्हणून कोरफडीचा ताजा गर किंवा दही-बेसनाचा लेप उरलाच, तर तो झाकून शीतकपाटात ठेवावा आणि एक-दोन दिवसांत संपवावा. अशा घरगुती मिश्रणात पाणी असते, पण ते टिकवणारे द्रव्य नसते. वाटीवर चिठ्ठी लावण्यासही विसरू नये. नाही तर मुले तो खाऊ समजतील!

क जीवनसत्त्वयुक्त द्रावणांनाही थंडीचा लाभ होतो. हवा, प्रकाश आणि उष्णता यांमुळे ती पिवळी व पुढे तपकिरी पडतात. थंडीत हा बदल सावकाश होतो.

क्रीमची गोष्ट वेगळी

क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचा घडवून आणलेला मिलाफ. बर्फकप्प्यालगत ठेवलेली डबी गोठली, तर हा मिलाफ मोडतो. पुढे पाणी निराळे होते व क्रीम रवाळ लागते. शिवाय बाजारातील क्रीममध्ये परिरक्षक द्रव्ये असतात व ते घरातील सामान्य तापमानासाठीच बनवलेले असते.

वेष्टनावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ असे छापलेले असते. भारतीय भेषजसंहितेत औषधांच्या साठवणीसंबंधी ‘थंड’ आणि ‘शीत’ असा भेद केला आहे. ८ ते २५ अंश म्हणजे थंड. ८ अंशांपर्यंत म्हणजे शीत. प्रसाधनांनाही हाच विवेक लावता येईल. उन्हाची तिरीप न येणाऱ्या भिंतीलगतच्या कपाटाचा खालचा खण बहुतेक डब्यांना पुरेसा असतो. न्हाणीघर मात्र टाळावे. तेथे उष्मा आणि दमटपणा दोन्ही असतात. खोबरेल तेल हिवाळ्यात गोठले, तरी त्याची हानी होत नाही.

बोटांचा दोष

मुंबई, कोलकाता किंवा चेन्नईच्या दमट हवेत थंड डबी बाहेर काढून उघडी ठेवली, की आत दव जमते. त्यात ओले बोट बुडाले, की जंतूंना पाणी व आश्रय दोन्ही मिळतात. यास्तव स्वच्छ, कोरडा चमचा वापरावा आणि झाकण लगेच लावावे.

काजळाच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. एकाच डबीतून, एकाच बोटाने घरातील सर्वांच्या डोळ्यांना काजळ लावले, तर डोळे येण्याची साथ घरभर पसरते. ती डबी शीतकपाटात ठेवल्याने शुद्ध होत नाही. तसेच मुदत संपलेली वस्तूही थंडीने नवी होत नाही. २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार वेष्टनावर ही मुदत छापावी लागते, ती अवश्य पाहावी.

आणखी एक गोष्ट. घरात मधुमेही वडीलधारे असतील, तर त्यांच्या न उघडलेल्या इन्सुलिनची जागाही शीतकपाटातच असते. डब्यांच्या गर्दीत ते मागे सरकून बर्फकप्प्याला लागले व गोठले, तर निकामी होते. त्याची जागा प्रथम राखावी. प्रसाधनांचा विचार नंतर.

आपल्या आजीजवळ शीतकपाट नव्हते, तरी तिचे उटणे महिनोन्‌महिने टिके. ती ते कोरडे ठेवी, आणि अभ्यंगाच्या दिवशी लागेल तेवढेच वाटीत कालवी. पाणी दूर ठेवावे, हात कोरडा असावा आणि गरजेपुरतेच घ्यावे, एवढे पाळले, तर शीतकपाटातील पुष्कळशी जागा दूधभाजीसाठी मोकळी राहील.