तिकिटाआधी मोजपट्टी: लहान मुलासोबतची पहिली थीम पार्क सहल

थीम पार्कची सहल ठरली की घरात हिशेब सुरू होतो तो विमानाचा, हॉटेलचा आणि तिकिटांचा. ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला, त्याची उंची किती, दुपारी तो किती वाजता पेंगतो, अंधाराला घाबरतो का, हे प्रश्न मात्र बहुधा बुकिंग झाल्यावरच सुचतात. बहुतेक गैरसमजांचं मूळ इथेच आहे: सहल पार्ककडे बघून आखली जाते, मुलाकडे बघून नाही.

उदाहरण म्हणून हाँगकाँगचं डिस्नेलँड घेऊ. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तासांवर असलेलं हे पार्क लांटाऊ बेटावर १२ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झालं. डिस्नेच्या जगभरातल्या पार्कांमध्ये ते आकाराने लहान. चार वर्षांच्या पायांना हे सोयीचंच आहे.

गैरसमज: मूल पाच वर्षांचं झालं की सगळ्या राइड मिळतात.

वस्तुस्थिती: पार्कात शिरताना वय विचारतात, राइडपाशी उंची मोजतात. हे दोन वेगळे नियम आहेत. हाँगकाँगला तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि ३ ते ११ वयाला मुलांचं तिकीट असतं. आत गेल्यावर मात्र टॉय सोल्जर पॅराशूट ड्रॉपसाठी किमान ८१ सेंटिमीटर उंची लागते, ओकनच्या स्लेजसाठी ९५, हायपरस्पेस माउंटन आणि आयर्न मॅनसाठी १०२, बिग ग्रिझ्ली माउंटनसाठी ११२ आणि आरसी रेसरसाठी १२०.

आता जागतिक आरोग्य संघटनेची वाढीची कोष्टकं शेजारी ठेवा. त्यांतली मधली उंची तिसऱ्या वर्षी साधारण ९५-९६ सेंटिमीटर, चौथ्या वर्षी १०३ आणि पाचव्या वर्षी ११० असते. म्हणजे चार वर्षांचं मूल १०२ची रेघ जेमतेम ओलांडतं आणि पाच वर्षांचं मूल बिग ग्रिझ्लीच्या दारातून परत फिरण्याची शक्यता बरीच. दारातल्या कर्मचाऱ्याला विनवण्या करून उपयोग नाही. ही अट सीटच्या सुरक्षा दांड्याशी जोडलेली आहे. तो दांडा ठरावीक मापाच्या शरीरालाच नीट धरून ठेवतो. म्हणून घरीच भिंतीला टेकवून उंची मोजा, पार्कच्या अ‍ॅपवरचे ताजे आकडे बघा आणि जी राइड मिळणार नाही तिचं नावही मुलासमोर काढू नका.

यादी बघून खट्टू व्हायचंही कारण नाही. इट्स अ स्मॉल वर्ल्ड, डम्बो, विनी द पू, सिंड्रेलाचं मेरी गो राउंड, जंगल रिव्हर क्रूझ, स्लिंकी डॉग यांना किमान उंचीची अट नाही. चार वर्षांच्या मुलाचा दिवस यांतच भरून जातो.

भारतातल्या पार्कांत अनेकदा उलटी पद्धत असते. वंडरलासारख्या ठिकाणी मुलाचं तिकीटच उंचीवर ठरतं. तिथे वयाचा दाखला खिशात घेऊन गेलात तरी नजर मोजपट्टीवरच जाणार.

गैरसमज: मूल लहान असलं की आई-बाबांपैकी एकाच्या राइड बुडाल्याच.

वस्तुस्थिती: डिस्नेच्या पार्कांत ‘रायडर स्विच’ नावाची सोय असते आणि तिला वेगळे पैसे पडत नाहीत. एक जण राइडवर जातो, दुसरा मुलापाशी थांबतो. मग दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग न लावता जाता येतं. मात्र ही सोय आपणहून कुणी देऊ करत नाही. राइडच्या दाराशी, रांगेत शिरण्याआधीच विचारायचं.

गैरसमज: रांग टाळणारा महागडा पास घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

वस्तुस्थिती: पास घ्यावा की नाही हे त्यात कोणत्या राइड आहेत यावर ठरतं. पासच्या यादीतल्या ज्या राइडमध्ये तुमचं मूल उंचीमुळे बसू शकणार नाही, त्या आधी खोडा. उरलेल्यांसाठी तेवढे पैसे द्यावेसे वाटतात का, ते बघा. फुकटचा उपाय म्हणजे पार्क उघडण्याआधी दारात हजर राहणं. पहिल्या तास-दीड तासात रांगा सगळ्यांत कमी असतात आणि लहान मुलंही त्याच वेळी सगळ्यांत ताजी असतात. कुठे किती वेळ थांबावं लागेल हे अ‍ॅपवर दिसत राहतं.

गैरसमज: तिकिटाचे पैसे वसूल करायचे तर उघडल्यापासून आतषबाजीपर्यंत आतच थांबायला हवं.

वस्तुस्थिती: दुपारी दोन-अडीचला भर उन्हात रडारड सुरू झाली की संपूर्ण कुटुंबाचा दिवस तिथेच संपतो. मुलाला हॉटेलवर नेऊन दुपारची झोप पूर्ण केली, तर संध्याकाळ शिल्लक राहते. बाहेर पडून त्याच दिवशी परत आत येता येतं. फक्त बाहेर पडताना दारात तसं सांगून नोंद करून घ्यायची.

घड्याळाचाही एक फायदा आहे. हाँगकाँगचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तिथे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा मुलाच्या शरीराच्या हिशेबाने संध्याकाळचे सहाच झालेले असतात. त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांत रात्रीचा खेळ बघताना ते टक्क जागं असतं. याची किंमत सकाळी मोजावी लागते: तिथले आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. तेव्हा उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी पार्क ठेवू नका, किंवा त्या दिवशी सकाळच्या घाईचा नाद सोडा. पहाटे उठून दारात उभं राहायचं आणि आतषबाजीही बघायची, असं दोन्ही एकाच दिवशी साधायला गेलात तर दुपारची झोप कोणत्याही परिस्थितीत चुकवू नका.

गैरसमज: मे महिन्याची सुट्टी हाच सहलीचा हंगाम.

वस्तुस्थिती: आपल्या शाळांना सोयीचा असलेला मे हाँगकाँगला दमट उन्हाळ्याचा आणि मोठ्या पावसाचा महिना आहे. त्यात १ मेला जोडून चीनमध्ये कामगार दिनाची सुट्टी येते आणि तिकडून पर्यटकांची रीघ लागते. पुढे जून ते सप्टेंबर उकाडा, पाऊस आणि वादळांचे इशारे. वादळाचा मोठा इशारा लागला की उघड्यावरच्या राइड बंद होतात.

मराठी घरांना खरी सोयीची आहे ती दिवाळीची सुट्टी. तेव्हा तिथली हवा कोरडी आणि सुखाची होऊ लागलेली असते. फक्त दोन गोष्टी बघा. १ ऑक्टोबरच्या चिनी राष्ट्रीय दिनाचा आठवडा टाळा. दिवाळी ऑक्टोबरात येत असेल तर पार्कात हॅलोवीनची सजावट असते. भुतांना घाबरणाऱ्या मुलासाठी नोव्हेंबर बरा. तिकिटाचे दरही सगळ्या दिवशी सारखे नसतात, गर्दीचा दिवस महाग पडतो.

गैरसमज: टीव्हीवर आवडणारं पात्र समोर आलं की मूल आनंदाने उडी मारेल.

वस्तुस्थिती: पडद्यावर वीतभर दिसणारा मिकी प्रत्यक्षात बाबांएवढा उंच असतो, त्याचं डोकं अवाढव्य असतं आणि तो बोलत नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाने किंचाळून आईचा पदर धरला तर त्यात वावगं काही नाही. फोटोसाठी त्याला पुढे ढकलू नका. आधी लांबून मिरवणूक दाखवा, इतर मुलं हात मिळवताना बघू द्या. पुढचं पाऊल ते स्वतः टाकेल किंवा टाकणार नाही.

उंचीची अट नाही म्हणजे राइड सौम्य, हेही गृहीत धरू नका. मिस्टिक मॅनरला किमान उंची लागत नाही, पण तिथे अंधार आहे, दचकवणारे आवाज आहेत. अशा राइडची चित्रफीत घरीच मुलासोबत बघा. त्याने डोळे झाकले तर उत्तर मिळालं. आतषबाजीसाठी कान झाकणारे मफ पिशवीत असू द्या.

गैरसमज: चालणाऱ्या मुलाला स्ट्रोलर कशाला?

वस्तुस्थिती: सोसायटीच्या बागेत धावणं वेगळं आणि दिवसभर काही किलोमीटर चालणं वेगळं. चार-पाच वर्षांचं मूलही दुपारनंतर ‘उचलून घे’ म्हणतं. स्ट्रोलर पार्कात भाड्याने मिळते. राइडच्या बाहेर ती ठरलेल्या जागी लावून जायचं असतं, त्यामुळे पैसे आणि पासपोर्ट तिच्यात ठेवू नका. अंगावर ओळखीचा भडक शर्ट आणि मनगटावर पालकांचा फोन नंबर लिहिलेला पट्टा, एवढी काळजी गर्दीत पुरते.

गैरसमज: तान्ह्याला कागदपत्रं लागत नाहीत, आणि दोन वर्षांखालच्याला विमान फुकट.

वस्तुस्थिती: भारतात नवजात बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो आणि मुलांचा पासपोर्ट साधारण पाचच वर्षं चालतो. हाँगकाँगला पर्यटनासाठी १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण भारतीय प्रवाशांना निघण्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी करावीच लागते. ती विनामूल्य आहे आणि मुलाचीही वेगळी करायची.

विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं, तरी परदेशी प्रवासात त्याच्या भाड्याचा काही भाग भरावा लागतो. वय मोजलं जातं प्रवासाच्या दिवशी, बुकिंगच्या दिवशी नाही. सहलीच्या मधेच दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला पूर्ण सीट घ्यावी लागते. पार्कातल्या तिसऱ्या वाढदिवसाचंही तसंच.

गैरसमज: तिकडे मुलाच्या खाण्याचे हाल होतात.

वस्तुस्थिती: शाकाहारी पदार्थ मिळतात, ते आपल्या मुलाच्या चवीचे असतील याची खात्री मात्र कुणी देऊ शकत नाही. खाकरा, दशम्या, मेतकूट, चुरमुरे असं कोरडं खाणं सोबत असलं की हॉटेलवर निभावतं. कच्चं मांस किंवा अंडी सामानात नेऊ नका, हाँगकाँगमध्ये त्यांवर निर्बंध आहेत. विमानात द्रवपदार्थांची १०० मिलिलिटरची मर्यादा बाळाच्या दुधाला आणि खाण्याला, प्रवासापुरत्या प्रमाणात, लागू नसते. तपासणीच्या वेळी ते बाहेर काढून दाखवायचं. पार्कात बाळांसाठी वेगळं बेबी केअर सेंटर आहे. दूध पाजायला आणि कपडे बदलायला तिथे निवांत जागा मिळते.

गैरसमज: इतक्या लहानपणी नेऊन काय, मोठेपणी त्याला आठवणारही नाही.

वस्तुस्थिती: यात तथ्य आहे. मोठ्या माणसांच्या सर्वांत जुन्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या असतात. दोन वर्षांच्या मुलाला ही सहल विसाव्या वर्षी आठवणार नाही. पण पुढचे कित्येक महिने ते त्यातले प्रसंग बोलत राहतं, खेळत राहतं. तेव्हा प्रश्न एवढाच की सहल कुणासाठी आहे. आई-बाबांना तो आनंद आत्ता हवा असेल तर फुकट प्रवेशाचं वय चांगलंच. मुलाने ती आठवण जपावी असं वाटत असेल तर पाच-सहा वर्षांपर्यंत थांबा.

गैरसमज: पहिली सहल एकदम मोठीच करावी.

वस्तुस्थिती: रंगीत तालीम घराजवळ करता येते. मुंबई-पुण्याच्या पिढ्यांनी ती १९८९ पासून गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये केली. आज खोपोलीजवळचं, २०१३ साली सुरू झालेलं इमॅजिका त्यासाठी जवळ आहे. सुट्टीचा दिवस सोडून, अर्ध्याच दिवसासाठी जा. मूल रांगेत किती वेळ थांबतं, अंधाऱ्या राइडमध्ये काय करतं, दुपारी किती वाजता कोसळतं, हे एका फेरीत कळतं. तिथे त्याने तासाभरात ‘घरी चल’ म्हणून हट्ट धरला, तर हाँगकाँग एखाद्या वर्षाने पुढे ढकला. विमानाची तिकिटं काढून बसल्यावर हेच कळण्यापेक्षा ही फेरी कितीतरी स्वस्त पडते.