बाटिस्टा : ट्रॅक्टरवाल्या घरातली हायपरकार

शेवगावच्या शिवारात ज्या महिंद्राचे ट्रॅक्टर नांगरणी करतात, त्याच मुंबईच्या उद्योगसमूहाची ही कार.

मालकी : महिंद्राने २०१५ मध्ये इटलीच्या पिनिनफारिना या डिझाइन कंपनीच्या खरेदीचा करार केला. २०१८ मध्ये ‘ऑटोमोबिली पिनिनफारिना’ ही नवी कंपनी जाहीर केली; बाटिस्टा तिचीच कार.

नाव : १९३० मध्ये मूळ कंपनी स्थापन करणाऱ्या बाटिस्टा फारिना यांच्यावरून.

संकल्पना ते उत्पादन : ‘पीएफ-झिरो’ या सांकेतिक नावाने काम सुरू, मार्च २०१९ मध्ये जिनिव्हात पहिले दर्शन, २०२२ पासून उत्पादन.

ताकद : पूर्ण विजेवर. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर, एकूण १,९०० अश्वशक्ती. म्हणजे ४५ अश्वशक्तीचे सुमारे ४२ ट्रॅक्टर.

बॅटरी : १२० किलोवॅट-तास, इंग्रजी ‘टी’ आकाराची. तंत्रज्ञान क्रोएशियाच्या रिमाक कंपनीचे.

वेग : शून्यावरून ताशी १०० किमी दोन सेकंदांच्या आत, कमाल वेग ताशी ३५० किमीच्या पुढे.

जुळणी : ट्युरिनजवळच्या कांबियानो येथे, कारागिरांच्या हातून.

संख्या व किंमत : जास्तीत जास्त १५० गाड्या, प्रत्येकी सुमारे २० लाख युरोंपासून पुढे.

मराठी मुलखात मुख्यालय असलेल्या समूहाने जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांच्या पंक्तीत मिळवलेले हे स्थान अभिमानास्पदच आहे.